पॉडकास्टलाही पेपरात एक कोपरा द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत पॉडकास्टवर एक छोटं टिपण आलं होतं. ते वाचून दोन दिवस थांबले आणि मगच हे पत्र लिहायला घेतलं, कारण लगेच लिहिलं असतं तर रागाच्या भरात जास्तच लिहून बसले असते. टिपणात म्हटलंय की पॉडकास्ट म्हणजे दोन माणसं समोर माइक लावून तीन तास गप्पा मारतात, प्रवासात टाइमपासला बरं पडतं. असेही आहेत, आणि खूप आहेत, ते मी नाकारत नाही. पण सगळे तसे नाहीत हो. नाटकाचं परीक्षण तुम्ही छापता, पुस्तकांना पान देता, क्रिकेटला तर रोजची दोन पानं, आणि जिथं लोक एकेका विषयामागे महिनोनमहिने लागतात, जुन्या टेपा शोधतात, म्हाताऱ्या साक्षीदारांच्या घरी जाऊन बसतात, ते सगळं एका शब्दात निकालात? हे मला अजिबात पटलं नाही.

मी सांगलीत एका हायस्कुलात ३१ वर्षं इतिहास शिकवला, आता रिटायर आहे. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध शिकवायचं म्हणजे काय, तर बोस्टनच्या बंदरात चहाची खोकी समुद्रात फेकली, तारीख १६ डिसेंबर १७७३, वॉशिंग्टन पहिला अध्यक्ष, झालं. पोरं तेवढं पाठ करायची आणि मार्क घ्यायची, आणि मीही तेवढंच शिकवत राहिले याचं आता वाईट वाटतं. त्यात माणूस कुठं नव्हताच.

लेक न्यू जर्सीला एडिसनमध्ये असते. तिच्या बाळंतपणाला पाच महिने गेले होते. जे जाऊन आलेत त्यांना सांगायला नको, जावई ऑफिसच्या कॉलवर, लेक बाळाबरोबर झोपलेली, बाहेर बर्फ, गाडी आपल्याला चालवता येत नाही, आणि साडेचारला अंधार. जावयानं माझ्या फोनवर पॉडकास्टचं ॲप घालून दिलं आणि म्हणाला आई, तुम्ही इतिहासाच्या ना, हा माणूस ऐका. माइक डंकन त्याचं नाव. त्यानं २००७ ते २०१२ अख्खा रोमचा इतिहास एकट्यानं सांगितला, मग २०१३ पासून जगातल्या क्रांत्या घेतल्या, त्यातली एक मालिका अमेरिकेवर. म्युझिक जवळजवळ नाही, पाहुणे नाहीत, एक माणूस लिहून आणलेलं वाचतोय, बस्स. मी भांडी लावता लावता ऐकायला लागले आणि तिसऱ्या-चौथ्या भागात हात थांबला, कारण वॉशिंग्टनच्या सैन्याला पगार मिळत नव्हता हे मला ह्या वयात पहिल्यांदा नीट कळलं. पगार नाही, पायात बूट नाही, देवीची साथ आलेली, तरी माणसं थांबतात, काही पळूनही जातात. शाळेच्या पुस्तकात ते सरळ जिंकतात.

इंग्रजीचं म्हणाल तर पहिल्यांदा जड गेलं. अमेरिकन भराभर बोलतात. पण ॲपमध्ये स्पीड कमी करता येतो, मी ०.८ वर ठेवून ऐकायचे, आणि एनपीआर म्हणजे तिथला जो पब्लिक रेडिओ आहे त्यांच्या बऱ्याच कार्यक्रमांचा लिहिलेला मजकूर वेबसाइटवर फुकट वाचायला मिळतो, तो समोर ठेवला की काही अडत नाही. एवढी साधी गोष्ट जर तुमच्या टिपणात असती तरी माझ्या वयाच्या दहा-वीस वाचकांनी ऐकून बघितलं असतं.

आता नाटकाचं सांगते, सांगलीची आहे म्हटल्यावर नाटकाशिवाय पत्र पूर्ण कसं होईल. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जिथं पहिला खेळ केला त्या गावात वाढलेली मी, मला वाटायचं की नाटक हे बघायचं, ऐकून काय कळणार. तर 'हॅमिल्टन' नावाचं एक संगीत नाटक आहे, २०१५ च्या ऑगस्टमध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीवर आलं, लिन-मॅन्युएल मिरांडानं लिहिलं आणि स्वतः त्यात कामही केलं, दुसऱ्या वर्षी ११ टोनी, म्हणजे तिथले नाटकांचे पुरस्कार, आणि पुलित्झर. अलेक्झांडर हॅमिल्टन म्हणजे अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री, कॅरिबियन बेटावरून आलेला अनाथ पोरगा. बरंचसं नाटक रॅपमध्ये, आणि वॉशिंग्टन-जेफरसनची कामं काळे आणि लॅटिनो नट करतात. तिकिटाचे भाव ऐकल्यावर थिएटरात जायचा विषय तिथंच संपला. पण ह्या एकाच नाटकावर 'द हॅमिलकास्ट' नावाचा पॉडकास्ट आहे, २०१६ पासूनचा, जिलियन पेन्सावाले नावाची बाई चालवते, आणि एका नाटकावर शेकडो भाग! ओळ-ओळ घेऊन बसायचं, नटांना बोलवायचं, खुद्द मिरांडाही येऊन गेला. मला आपल्याकडचे जुने नाट्यवेडे लोक आठवले, एकाच नाटकाचे पन्नास पन्नास प्रयोग बघणारे आणि कुठल्या प्रयोगाला कुठली जागा वेगळी घेतली ते सांगणारे. त्यांचं बोलणं कुणी टेप करून ठेवलं नाही, ते गेले आणि सोबत सगळं गेलं.

शिवाय ह्या नाटकाचं नुसतं कौतुक करून लोक थांबले नाहीत. लायरा मॉन्टेरो आणि हार्वर्डच्या अ‍ॅनेट गॉर्डन-रीड ह्या इतिहासकार बायकांनी स्पष्ट विचारलं की स्टेजवर काळे नट आहेत, पण त्या काळातला एक तरी काळा गुलाम पात्र म्हणून आहे का? हॅमिल्टनच्या सासरी, स्कायलर घराण्यात गुलाम होते, ते नाटकात कुठे आहेत? नाटक आवडतं आणि तरी हा प्रश्न विचारायचा, दोन्ही एकाच वेळी. इतिहासाच्या शिक्षकाला याहून काय पाहिजे. ऐतिहासिक नाटक म्हटलं की आपल्याकडे एकतर आरती नाहीतर दगड, मधलं काही नसतं, असं मला वर्गातही वाटायचं आणि बाहेरही.

मग एका रविवारी बर्फ वितळल्यावर जावयाला म्हटलं, वीहॉकनला ने. हडसन नदीच्या काठावर टेकाड आहे, समोर न्यूयॉर्कच्या सगळ्या उंच इमारती. ११ जुलै १८०४ ला सकाळी तिथं खाली नदीकाठच्या कपारीवर हॅमिल्टन आणि ॲरन बर समोरासमोर पिस्तुलं घेऊन उभे राहिले, बर तेव्हा देशाचा उपाध्यक्ष होता बरं का, पदावर असलेला, आणि दुसऱ्या दिवशी हॅमिल्टन मेला. तीन वर्षांपूर्वी त्याचा थोरला मुलगाही असाच द्वंद्वात गेला होता. मूळ जागा पुढे रेल्वेसाठी फोडली, आता वर एक अर्धपुतळा आणि एक मोठा दगड आहे, गोळी लागल्यावर ह्या दगडाला त्यानं डोकं टेकलं असं सांगतात. मी तिथं पंधरा मिनिटं उभी होते. जावई म्हणाला आठ वर्षं इथं राहतोय, कधी आलो नव्हतो.

खेळाचं मला विशेष कळत नाही, पण गोष्ट कळते. ईएसपीएन ह्या अमेरिकन क्रीडा वाहिनीची '३० फॉर ३०' म्हणून पॉडकास्ट मालिका आहे, २०१७ ला सुरू झाली, पहिलाच भाग डॅन ओब्रायन आणि डेव्ह जॉन्सन ह्यांच्यावर. दोघं डिकॅथलॉनवाले, म्हणजे धावणं, उड्या, फेक असे दहा प्रकार मिळून खेळणारे. १९९२ साली एका बूट कंपनीनं दोघांवर प्रचंड खर्चाची जाहिरात केली, जगातला सगळ्यात मोठा ॲथलीट कोण, डॅन का डेव्ह, निकाल बार्सिलोनाला. सगळी अमेरिका बघतेय. आणि ऑलिंपिकच्या आधी न्यू ऑर्लीन्सला निवड चाचणी, तिथं डॅननं पोल व्हॉल्टला, म्हणजे बांबूच्या उडीला, सुरुवातीच्या उंच्या सोडून दिल्या, ४.८० मीटरला पहिली उडी, तीन प्रयत्न, तिन्ही फुकट. शून्य मार्क. संघातच नाही! जाहिरात टीव्हीवर चालू आणि हिरो घरी. डेव्ह पायाचं हाड तडकलेलं असताना गेला आणि ब्राँझ आणलं, सोनं चेकोस्लोव्हाकियाच्या माणसाला. त्याच सप्टेंबरमध्ये डॅननं फ्रान्सला विश्वविक्रम केला, ८,८९१ गुण, आणि चार वर्षांनी अटलांटाला सुवर्ण. मी हे ऐकताना स्वयंपाकघरात एकटी होते आणि तिसरी उडी चुकल्यावर तोंडातून मोठ्यानं "अरे देवा" निघालं. शाळेत मी कितीतरी पोरांना एका मार्कानं नापास होऊन घरी जाताना बघितलंय, त्यांचे चेहरे समोर आले.

पॉप कल्चर ह्या शब्दाला तर आपल्याकडे थिल्लरपणाचाच वास आहे. त्यावर 'डॉली पार्टन्स अमेरिका' ही २०१९ ची नऊ भागांची मालिका ऐकावी. डॉली पार्टन म्हणजे टेनेसीच्या डोंगरातली गायिका, जन्म १९४६ चा, एका खोलीच्या घरातला. मालिका करणारा जॅड अबुमराद हा लेबनॉनहून आलेल्या डॉक्टरचा मुलगा, नॅशव्हिलमध्ये वाढलेला, त्याचे वडील डॉलीवर उपचार करता करता तिचे मित्र झाले. आता ह्यातून गॉसिप करायला किती वाव होता बघा. पण तो विचारतो की ज्या देशात दोन बाजूंचे लोक एकमेकांचं तोंड बघत नाहीत तिथं ह्या एका बाईवर दोघांचंही प्रेम कसं काय? एका भागात लेबनॉनचा डोंगर आणि टेनेसीचा डोंगर शेजारी शेजारी येतात, गाव सोडून आलेल्या माणसाला दुसऱ्याच्या गाण्यात आपलं गाव कसं ऐकू येतं ते. एडिसनच्या खिडकीत बसून ते ऐकताना मला काय वाटलं ते इथं लिहीत नाही, ज्यांची लेकरं लांब आहेत त्यांना कळेल. डॉलीच्या वडलांना वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं १९९५ पासून लहान मुलांना घरपोच फुकट पुस्तकं पाठवायला सुरुवात केली, आजवर वीस कोटींच्या वर गेली.

पण माझा खरा मुद्दा आता सांगते, आणि त्यासाठी एकच माणूस पुरेसा आहे, पॉल रोब्सन, अमेरिकेतला काळा खेळाडू, नट आणि गायक. एडिसनच्या शेजारीच न्यू ब्रन्सविक, तिथं रटगर्स विद्यापीठ, आणि त्याच्या आवारात ह्या माणसाच्या नावाचा चौक आहे, काळ्या ग्रॅनाइटच्या पाट्यांवर त्याचं आयुष्य कोरलंय. ह्याची गोष्ट मला एका जागी मिळाली नाही. खेळाच्या कार्यक्रमात थोडी, नाटकाच्या कार्यक्रमात थोडी, इतिहासाच्या थोडी, मी आपली जोडत गेले.

वडील गुलामीतून पळून आलेले. पोरगा स्कॉलरशिप मिळवून १९१५ ला रटगर्सला आला, सगळ्या कॉलेजात काळी पोरं नावालाच. अमेरिकन फुटबॉलच्या निवडीला गेला तर आपल्याच टीमच्या गोऱ्या पोरांनी नाक फोडलं, हाताची नखं बुटानं उपटली. तो दहा दिवस पडून राहिला आणि परत मैदानात. १९१७ आणि १९१८ ला देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंत निवड. मध्येच दक्षिणेतलं एक कॉलेज म्हणालं काळा खेळाडू असेल तर आम्ही खेळणार नाही, तर त्याच्याच कॉलेजनं त्याला बाहेर बसवलं. नंतर कोलंबियातून वकिली, ती सोडून नाटक आणि गाणं. १९४३ ला ब्रॉडवेवर ऑथेल्लो, २९६ प्रयोग, शेक्सपिअरच्या नाटकाचा तिथला आजवरचा विक्रम. आणि त्याच डिसेंबरमध्ये, म्हणजे नाटक जोरात चालू असताना, हा माणूस बेसबॉलच्या संघमालकांसमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला काळ्या खेळाडूंना घ्या. मी काळा नट गोऱ्या नटांबरोबर रोज स्टेजवर उभा राहतो, काही बिघडलं नाही, मैदानावर काय बिघडणार, असा त्याचा मुद्दा. १५ एप्रिल १९४७ ला जॅकी रॉबिन्सन हा काळा खेळाडू ब्रुकलिनच्या बेसबॉल संघातून उतरला. आणि पुढं १९४९ ला काय झालं, तर रोब्सन कम्युनिस्टांच्या बाजूचा असल्याच्या संशयावरून संसदेच्या कमिटीनं त्याच रॉबिन्सनला त्याच्या विरोधात बोलायला बोलावलं. तो गेला आणि बोलला. मरायच्या आधी आत्मचरित्रात त्यानं लिहिलं की आता माझ्या मनात रोब्सनबद्दल आदर वाढलाय.

१९५० ला रोब्सनचा पासपोर्ट काढून घेतला, आठ वर्षं. परदेशातून बोलावणी येतात आणि जाता येत नाही. मग १९५७ ला वेल्सच्या खाणकामगारांनी काय करावं, अटलांटिकच्या तळातून टेलिफोनची केबल नुकतीच टाकलेली होती, तीवरून त्याला गायला लावलं! तो न्यूयॉर्कच्या स्टुडिओत, तिकडे पोर्थकॉलच्या हॉलमध्ये पाच हजारांच्या आसपास माणसं, फोनवरून येणारा आवाज लाउडस्पीकरवर लावलेला, तो गातो आणि मग कामगार उलट त्याच्यासाठी गातात. त्याचं रेकॉर्डिंग आहे. मध्ये खरखर येते, आवाज थोडा लांब जातो, परत येतो. सरकारनं माणूस अडवला आणि आवाज समुद्राखालून गेला. संपादक साहेब, ज्यांना केवळ आवाजाचा कार्यक्रम म्हणजे टीव्हीपेक्षा कमी वाटतो त्यांनी हा तुकडा एकदा कानाला इअरफोन लावून ऐकावा.

आणि ह्यात आपलाही धागा आहे, तो मला एडिसनला बसून कळला हे विशेष. १९५८ ला त्याच्या साठीनिमित्त भारतात कार्यक्रम झाले, नेहरूंनी उघड पाठिंबा दिला, आणि समितीचे अध्यक्ष होते आपल्या मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला. अमेरिकन सरकारला ते आवडलं नव्हतं. त्याच वर्षी त्याला पासपोर्ट परत मिळाला.

आता तुम्हीच सांगा, ह्या माणसाची बातमी तुम्ही कुठल्या पानावर लावाल? क्रीडा? रंगभूमी? देश-विदेश? मनोरंजन? पेपरात ती चार पानांवर चार माणसं होतील. मी ३१ वर्षं पाचवी तासिका इतिहास आणि सहावी पीटी असंच वेगळं वेगळं बघत आले, घंटा झाली की विषय संपला. पॉडकास्टवाल्यांना घंटा नाही. खेळावर बोलता बोलता गुलामगिरी येते, नाटकावर बोलता बोलता संविधान येतं, आणि कुणी म्हणत नाही की हे सिलॅबसमध्ये नाही.

वाईट भागही सांगायला हवा. जाहिराती फार झाल्यात. २०१८ ला न्यू जर्सीच्याच केसमध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं खेळांवरच्या बेटिंगवरची केंद्रीय बंदी उठवली आणि तेव्हापासून खेळाच्या पॉडकास्टमध्ये दर थोड्या वेळानं सट्ट्याच्या ॲपची जाहिरात, तीही कार्यक्रम करणाऱ्याच्याच आवाजात. सोळा-सतरा वर्षांची पोरं ऐकतात हे. आणि चांगले कार्यक्रम बंदही पडतात, व्हर्जिनियातले इतिहासाचे प्राध्यापक मिळून 'बॅकस्टोरी' करायचे, आजच्या एका बातमीवरून मागं तीनशे वर्षं जायचे, २०२० ला थांबला. पैसा नसेल तर असंच होणार, त्याबद्दलही कुणीतरी लिहायला पाहिजे की नाही?

म्हणून विनंती आहे. रविवारच्या पुरवणीत पॉडकास्टचा एक छोटा कॉलम सुरू करा. स्टार नको, टॉप टेन नको. एक मालिका घ्या आणि सांगा की कशावर आहे, करणाऱ्यानं अभ्यास काय केलाय, किती भाग, किती मिनिटं, इंग्रजी सोपं का अवघड, लिहिलेला मजकूर मिळतो का, आणि कुठं चुकलंय. मराठीतलीही घ्या, पण तीच कसोटी लावून, ओळखीचा माणूस आहे म्हणून कौतुक नको. आमच्या गल्लीत माझ्यासारख्या रिटायर बायका पंधरा तरी आहेत, डोळ्यांची ऑपरेशनं झालेली, वाचन कमी झालेलं, कान शाबूत आहेत. त्यांना कुणी सांगतच नाही की फोनवर व्हॉट्सॲपशिवाय हेही आहे. दोघींना मी डॅन आणि डेव्हचा भाग माझ्या फोनवर लावून मराठीत मध्ये मध्ये थांबवून सांगितला, दुसऱ्या दिवशी दोघी विचारत आल्या की त्या डॅनचं पुढं काय झालं, कारण वीज गेल्यामुळं शेवट राहिला होता.

लिहायला माणूस नसेल तर मी लिहीन. महिन्यातून एकदा, चारशे शब्द, मानधन नको. पहिला मजकूर रोब्सनच्या टेलिफोनच्या गाण्यावर लिहिलाय, तो ह्या पत्रासोबत वेगळ्या पानावर जोडला आहे.

आपली,
एक जुनी वाचक, सांगली